घरातल्या हवेचा परवाना

मागच्या उन्हाळ्यात आमच्या हिंगणघाटच्या घराची माडी रिकामी करताना एका पत्र्याच्या पेटीत आजेसासऱ्यांच्या नावाचे एक लहानसे पुस्तक सापडले. आत दर वर्षासाठी एकेक रकाना, रकान्यात शुल्काची तिकिटे आणि तिकिटांवर टपाल कचेरीचे गोल शिक्के. रेडिओ बाळगण्याचे ते परवानापुस्तक होते. वर्गात नेऊन दाखवले तेव्हा एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी ते बँकेचे पासबुक समजून हाताळले. घरात रेडिओ ठेवायचा तर एके काळी सरकारचा परवाना घ्यावा लागे, दर वर्षी पोस्टात जाऊन त्याचे नूतनीकरण करावे लागे, असे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “पण मॅडम, ऐकायला कसली परवानगी?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या तासाला नीट देता आले नाही. घरी आले, तर ज्या फळीवर तो रेडिओ असायचा त्याच फळीवरचा राउटर हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला. यात काव्यमय योगायोग काही नाही. आमच्या जुन्या घराच्या मधल्या खोलीत विजेचे कनेक्शन त्या फळीपाशीच आहे, इतकेच. पण त्या संध्याकाळी त्या डबीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहिले. मुलगी वरच्या खोलीतून खालच्या प्रिंटरवर प्रकल्पाची पाने छापत होती. यजमान ओसरीवर बसून कापसाच्या अडतीचा हिशेब त्याच संगणकात उतरवत होते. सासूबाईंच्या बंगईवर त्यांच्या फोनमध्ये नागपूरच्या नणंदेने धाडलेले बारशाचे फोटो उघडत होते. चार भिंतींत, एकाच वेळी, चार माणसे हवेत काहीतरी सोडत होती आणि हवेतून काहीतरी घेत होती. कोणाजवळही परवानापुस्तक नव्हते. आजेसासऱ्यांच्या काळच्या कायद्याने पाहिले तर ऐकणे ही लहान बाब होती. आम्ही सगळे जे करत होतो ते, म्हणजे घरातून लहरी सोडणे, ही त्याहून कितीतरी गंभीर गोष्ट होती.

घरगुती बिनतारी जाळ्याविषयी लिहिणारे बहुधा वेग, किंमत आणि सोय यांविषयी लिहितात. मराठीच्या प्राध्यापिकेने त्यात पडण्याचे कारण नाही. मला त्याचा इतिहास ऐकणे आणि बोलणे या दोन हक्कांच्या फारकतीचा इतिहास वाटतो, म्हणून हा लेख.

आरंभ शब्दापासून करू. ‘वायरलेस टेलिग्राफ’ या शब्दाला आपल्याकडे प्रतिशब्द झाला ‘बिनतारी तारायंत्र’. तार नसलेले तारेचे यंत्र! हा वदतोव्याघात आपल्याला खटकत नाही, कारण तोवर ‘तार’ हा शब्द धातूच्या दोऱ्यापासून सुटून निरोपाला चिकटला होता. ‘तार आली’ म्हटले की घरात आधी काळजात धस्स होई आणि मग चष्मा शोधला जाई. १४ जुलै २०१३ रोजी देशातली तारसेवा अखेरची चालली; शब्द मात्र ‘बिनतारी’त अजून जिवंत आहे. आमच्या गावाला तर या शब्दाचे विशेष अगत्य असायला हवे. वणेच्या काठचे हिंगणघाट कापसामुळे नावारूपाला आले. येथील लांब, तलम धाग्याच्या कापसाला ‘हिंगणघाट’ हेच नाव पडले आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरचा पुरवठा तुटला तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या कापसाचा भाव चढला. पुढे १८७०च्या दशकात वर्ध्याहून इकडे रेल्वे आली, रेल्वेसोबत तारेचे खांब आले, शतक सरता सरता सूतगिरण्या उभ्या राहिल्या. तार हा शब्द सुताचा, तंबोऱ्याचा, पाकाचा आणि निरोपाचा. मुंबईच्या भावाची तार ज्याच्या हाती आधी पडे तो त्या दिवसाचा व्यापार जिंके. म्हणजे निरोप सगळ्यांचा नव्हता. तो ज्याच्या नावे आला त्याचा होता. सगळ्या गावाला सारखा वाटला जाणारा निरोप एकच, गिरणीचा भोंगा. तो ऐकायला काही भरावे लागत नसे. पण तो वाजवण्याची दोरी गिरणीमालकाच्या हाती होती, हेही खरेच.

सरकारच्या दृष्टीने प्रश्न दोरीचाच होता. १८८५च्या भारतीय तार अधिनियमाने तारायंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे घेतला. तारेविना संदेश जाऊ लागल्यावर तोही याच छत्राखाली आला. नंतरचा, १ जानेवारी १९३४ पासून अमलात आलेला १९३३चा बिनतारी तारायंत्र अधिनियम एक पाऊल पुढे गेला. त्याने नुसते उपकरण बाळगणेच परवान्याच्या अधीन केले. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर या कायद्यात आहे. ऐकण्याच्या यंत्राबद्दल पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत आणि पुढच्या गुन्ह्यांना अडीचशेपर्यंत दंड; बस्. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आली. परक्या सरकारने आखलेली रेघ स्वकीय सरकारने पुसली तर नाहीच, उलट ठळक केली. ऐकणारा किरकोळ चुकार, बोलणारा गुन्हेगार.

‘आकाशवाणी’ हा शब्द या व्यवस्थेला किती चपखल बसतो पाहा. पुराणातली आकाशवाणी अशरीरिणी असते. ती कंसाने ऐकली. तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय त्याला नव्हती. गंमत अशी की हे नाव या देशात रुजले ते एका घरगुती खटाटोपातून. म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरात तीस वॅटचा लहान प्रक्षेपक लावून नभोवाणी सुरू केली आणि तिला ‘आकाशवाणी’ म्हटले. संस्थानी मुलूख असल्यामुळे ते निभावले. १९५०च्या दशकात तेच नाव देशाच्या सरकारी नभोवाणीला मिळाले. एका प्राध्यापकाच्या दिवाणखान्यातून निघालेला शब्द सरकारी झाला आणि दिवाणखान्याकडे मात्र फक्त कान उरले.

इंग्रजी अमलातल्या घरातून कोणी बोलू पाहिले तर काय होई, याचे उदाहरण मुंबईने पाहिले आहे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज आला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांचे सहकारी यंत्र घेऊन चौपाटीपासून एका जागेतून दुसऱ्या जागेत हलत राहिले, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत असत. जेमतेम अडीच महिने हा प्रयोग चालला. १२ नोव्हेंबरला प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. बेचाळीसच्या चळवळीवरील मराठी लेखनात या प्रकरणाचा उल्लेख शौर्यकथा म्हणून येतो, ते योग्यच आहे. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. ती सगळी राहती घरे होती. भाड्याने घेतलेल्या साध्या बिऱ्हाडाची हवा राज्यकर्त्यांना किती धोक्याची वाटत होती!

आमच्या जिल्ह्यातही एक वस्तू या संदर्भात पाहण्यासारखी आहे. सेवाग्रामच्या आश्रमात एक जुना दूरध्वनी जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवला गेला, असे तेथे सांगतात. सरकारला ज्याच्याशी बोलायचे असेल त्याच्या झोपडीपर्यंत तार जाऊ शकते. प्रश्न एवढाच की क्रम सरकार ठरवते.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भातल्या घरांना आपल्या जवळचा आवाज मिळाला. आमच्या घरी रेडिओ आला तो बऱ्याच नंतर. सासूबाई सांगतात, त्याचा कान पिळण्याचा अधिकार आजेसासऱ्यांचा, त्यांच्या माघारी सासऱ्यांचा. बायकांना कार्यक्रम ऐकू येत तो स्वयंपाकघराच्या दारातून, फोडणीच्या आवाजासकट. “बटन फिरवाले आमचा हात पुरत नव्हता असं नाई,” त्या म्हणतात, “पुरवाचा नाई, असं होतं.” म्हणजे टपाल खात्याच्या परवान्याखेरीज घरातही एक परवाना होता, आणि त्याचे पुस्तक कुठेच सापडणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रेडिओचा सरकारी परवाना रद्द झाला. घरातला रद्द होण्याची तारीख मला कोणी सांगितलेली नाही.

त्या सुमारासच, १९८५ साली, अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काही लहरीपट्टे कोणालाही परवान्याविना वापरायला मोकळे केले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हा त्यांतला एक. तो दिला याचे कारण औदार्य नव्हे. त्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्ट्यांचा गोंगाट असल्याने प्रतिष्ठित ग्राहक तिकडे फिरकत नसत. गावकुसाबाहेरची, पिकाला नालायक ठरवलेली जमीन म्हणावी तशी. तिच्यावर जे पीक आले त्याचे प्रमाण १९९७ साली ठरले आणि १९९९ साली त्याला ‘वायफाय’ हे बाजारी नाव मिळाले. भारतात या जमिनीवर पाय ठेवायला आणखी काही वर्षे गेली. दरम्यान, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगितले. सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे, हा भेद कायद्याच्या भाषेत आला. आणि २८ जानेवारी २००५च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, चार वॅटांपर्यंतच्या प्रभावी शक्तीची उपकरणे घरात वा घराबाहेर वापरायला परवान्याची गरज उरली नाही. कॉर्डलेस फोनसारखे किरकोळ अपवाद सोडले तर, माझ्या मते, सामान्य भारतीय घराला प्रक्षेपक बाळगण्याचा हक्क खऱ्या अर्थाने मिळाला तो या दिवशी. वर्तमानपत्रांनी त्याचा उत्सव केल्याचे मला आठवत नाही. त्याच महिन्यात सरकारी दूरध्वनी कंपनीची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली होती आणि सगळ्यांचे लक्ष तिच्या दरपत्रकाकडे होते. (२००४च्या धोरणानुसार २५६ किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ म्हणत. आज मुलीला सांगितले तर ती हसते.)

हवा मोकळी झाली, पण एकाच हवेत सगळे एकदम बोलू लागले तर? या प्रश्नावरचे पहिले व्यवहार्य उत्तर हवाई बेटांवर सापडले होते. तेथील विद्यापीठाने नॉर्मन अब्रॅम्सन यांच्या पुढाकाराने १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे एकाच रेडिओलहरीवर जोडली. रीत साधी होती. बोलायचे असेल त्याने बोलावे. दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळले तर दोघांनी गप्प व्हावे, मनाला येईल तितका वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. दोघांनी सारखाच वेळ थांबायचे नाही, ही त्यातली मेख. घरातले वायफाय याहून थोडे शहाणे आहे. ते आधी कान देते, कोणी बोलत नाही असे पाहून मगच तोंड उघडते. एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणाही बाईला या तंत्राचे शिक्षण वेगळे द्यावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक आकडा देतो, बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा. हेच आकडे शेजारच्या घरात आहेत, वर्ध्यात आहेत, लंडनमध्येही आहेत. १९९६ साली हे आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले; घराच्या उंबऱ्याबाहेर त्यांना अर्थ नाही. माझ्या विद्यार्थ्यांना हे समजावताना मी ‘आई’ या हाकेचे उदाहरण देते. हिंगणघाटात हजारो घरांत ती हाक एकाच वेळी उठते आणि एकाही घरात घोटाळा होत नाही. बाहेरच्या जगाशी व्यवहार करताना मात्र घराचे एकच नाव, राउटरचे. दारावर आलेल्या टपालवाल्याकडे कर्त्या पुरुषाने सही करून पत्रे घ्यावीत आणि आत ज्याची त्याला वाटावीत, तसे. कर्ता पुरुष असे मी लिहून गेले. घराच्या यंत्ररचनेतही तो येऊन बसलाच आहे.

आमच्याकडे हे जाळे २००९च्या दिवाळीत आले. तेव्हा आम्ही दोन बिऱ्हाडे एकत्र होतो. खाली सासू-सासरे, भासरे आणि जाऊबाई, वर आम्ही. हेतू एकच, प्रिंटर एक असावा. पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले की प्रिंटर ज्या संगणकाला जोडला आहे तो चालू असेल तरच वरून छापता येते. म्हणजे रात्री अकराला चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका छापायची तर जाऊबाईंचे दार वाजवणे आले. दोन हात जाड मातीच्या भिंतींनी निम्मी माडी बहिरी केली. त्यात भारनियमन. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जिवंत असे, पण राउटर निजलेला. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन यंत्रांची ओळख मोडे. मग आपली पेनड्राइव्ह हातातून हातात.

आणि अक्षरे! या विषयावर मराठीच्या माणसाला बोलू दिले तर लेख संपायचा नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, पण आम्ही सगळे छापखान्याच्या सवयीने निरनिराळ्या फॉण्टांत टंकत होतो. माझ्या संगणकावरचे लेखाचे प्रकरण भासऱ्यांच्या संगणकावर उघडले की रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि टोप्यांचा ढीग दिसे. फाईल पोचली होती, अक्षरन् अक्षर शाबूत पोचले होते, आणि वाचता एक शब्द येत नव्हता. ‘शेअर करणे’ या क्रियापदाला मराठीत वाटणे म्हणावे, वाटून घेणे म्हणावे की सामायिक करणे, यावर आम्ही सहकारी चहाच्या वेळी वाद घालत असू. तेव्हा मला कळले की वाटणे आणि पोचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

याच काळात दार उघडे ठेवण्याचा प्रश्नही आला. सुरुवातीला आमच्या जाळ्याला पासवर्ड नव्हता. शेजारच्या काकांचा मुलगा आमच्या हवेवर अभ्यास करी आणि संक्रांतीला त्यांच्याकडून तिळाच्या वड्यांचा डबा येई, हिशेब पुरा. पण २६ जुलै २००८च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या जरा आधी धाडलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरापर्यंत निघाला होता. त्या घराचे उघडे वायफाय कोणी तिऱ्हाइताने वापरले होते. त्यानंतर मुंबईत पोलीस उघडी जाळी शोधत फिरू लागले आणि २००९च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या. लहरींचा माग काढणारी पोलिसांची गाडी सदुसष्ट वर्षांनी त्याच महानगरात पुन्हा दिसली. कारण यावेळी रास्त होते, हे मान्य करूनही मला ते साम्य टाळता येत नाही. आम्ही पासवर्ड लावला. शेजारच्या मुलाला तो सांगितला, पण कागदावर लिहून दिला नाही, आणि हे करताना आपण नेमके काय करतो आहोत याची थोडी लाज वाटली.

आता ज्या घटनेमुळे हा सगळा विषय माझ्या जिव्हारी बसला, तिच्याकडे येते. २००४ साली मी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या बारा कॅसेटींवर नोंदल्या होत्या. ओव्यांचे मोठे कार्य महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी केले. त्यांच्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. माझे काम त्यापुढे अगदी घरगुती. माझ्यासमोर म्हणायला त्या संकोचत, म्हणून मी टेप सुरू करून खोलीबाहेर जात असे. त्यात वणेचा पूर होता, वेचणीच्या दिवसांतली फाटकी बोटे होती, माहेराहून बैलगाडीत येताना प्रथम दिसलेली गिरणीची चिमणी होती. २०१० साली त्या सगळ्या संगणकात उतरवून घेतल्या आणि जाळ्यावर एक फोल्डर करून ठेवल्या, घरातल्या सगळ्यांना ऐकता याव्यात म्हणून. कॅसेटी माडीवर गेल्या. हिंगणघाटचा मे महिना माडीवर काय करतो हे ठाऊक असून गेल्या.

फोल्डर ‘सामायिक’ करताना संगणक एक प्रश्न विचारतो. इतरांना फक्त वाचू द्यायचे, की बदलूही द्यायचे? मी उदार मनाने दुसरा पर्याय निवडला. घर आहे, परके कोण? २०११च्या उन्हाळी सुट्टीत चौदा वर्षांच्या पुतण्याला सिनेमे ठेवायला जागा हवी होती. त्याने खालच्या संगणकावरून जाळ्यावाटे वर येऊन ‘जुने’ या नावाचे फोल्डर पुसले. ते नाव मीच दिले होते. आपल्या संगणकावर पुसलेली फाईल कचरापेटीत जाते, तिथून परत काढता येते. जाळ्यावरून पुसलेली तिथे जात नाही, ती सरळ जाते. तरीही मूळ तबकडीवर तिचा ठसा दुसरे काही लिहीपर्यंत उरतो. पण त्याच जागेवर सिनेमे लिहिले गेले होते. कळले तेव्हा तीन आठवडे उलटले होते. कॅसेटी काढल्या, फिती एकमेकींना चिकटलेल्या.

पोराला मी बोलले नाही असे नाही. पण रात्री विचार करता करता १९३३चा तो कायदा आठवला, ज्याचा मी वर्गात इतका उपहास करते. ऐकण्याची आणि बोलण्याची परवानगी निराळी ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांचा हेतू वाईट होता. मी दोन्ही एकत्र देऊन टाकल्या, माझा हेतू चांगला होता. पण जे सगळ्यांचे म्हणून ठेवले त्याचा राखणदार कोणी नव्हता, आणि त्याला राखणदार लागतो हे मला सुचलेदेखील नव्हते. इतिहासाच्या बाजूने उभे राहणे सोपे असते, फोल्डरच्या बाजूने अवघड.

बारांपैकी तीन कॅसेटींच्या ओव्या वाचल्या. कशा, तर जाऊबाईंनी त्या कधीतरी, मला न विचारता, मोबाइलच्या मेमरी कार्डावर उतरवून घेतल्या होत्या. पहाटे भाकऱ्या थापताना त्या ऐकत. त्यांनी ते सांगितले चोरी कबूल केल्यासारखे, खाली मान घालून. संशोधनाच्या शिस्तीत ती बेकायदा नक्कलच. माझ्या हाती आज जे २००४चे आहे ते सगळे त्या नकलेचे आहे.

सासूबाईंना सांगायला मी दोन दिवस घेतले. त्या म्हणाल्या, “गेलं तं गेलं. माह्या तोंडातून थोडीच गेलं?” आणि २०१२च्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा म्हणायला घेतले. यावेळी खोलीबाहेर जा म्हणाल्या नाहीत. मी समोर बसून राहिले. ओव्या त्याच होत्या आणि त्या नव्हत्या. पूर तितकाच आला, पण चिमणी गेली होती आणि बैलगाडीच्या जागी एसटी आली होती. मी न राहवून म्हटले, “आई, मागच्या वेळी तुम्ही बैलगाडी म्हटली होती.” त्या म्हणाल्या, “तवा मी एकटीच म्हणत होती. आता तू आयकून रायली ना.” मौखिक परंपरेत मूळ संहिता नसते, प्रत्येक म्हणणे ही नवी संहिता, हे मी पंधरा वर्षे शिकवत आले. त्याचा अर्थ असा असू शकतो, ऐकणाऱ्याच्या बसण्याने वाहन बदलू शकते, हे मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेले नव्हते. हरवलेल्या नऊ कॅसेटींची भरपाई यातून झाली असे कोणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. ती बैलगाडी मला हवी होती.

आता घरात बिऱ्हाडे वेगळी आहेत, पण जाळे एकच आहे. २०१६ नंतर फोनवरचा डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाची हवा प्रत्येकाच्या खिशात गेली. तरी प्रिंटर, फोटो आणि ओव्या यांसाठी सगळे त्याच फळीपाशी येतात. २०२३ साली संसदेने जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी नवा दूरसंचार कायदा संमत केला आहे. तो मी वाचायला घेतला आहे, सावकाश. फोल्डर दोन केले आहेत. एकात सगळ्यांना ऐकता येते, पुसता कोणालाच येत नाही, मलासुद्धा नाही. त्याचा मुख्य पासवर्ड जाऊबाईंकडे आहे. दुसऱ्यात नवे टाकता येते. तिथे टाकणाऱ्यांत सासूबाई सर्वांत पुढे. बंगईवर बसल्या बसल्या फोनचे बटण दाबतात आणि सुरू करतात. एकशे चाळीसच्या वर फाईली झाल्या आहेत. पुष्कळ फाईलींच्या शेवटी, ओवी संपल्यावर, “झालं का वं बंद?” असे विचारणे ऐकू येते. ते मी कापलेले नाही.